पाकिटातले जिवाणू आणि मुळांचा हिशेब

सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की, म्हणजे पेरणीनंतर साधारण ४० ते ४५ दिवसांनी, वाफसा असताना एक झाड खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचला. उपटू नका, उपटलं की मुळांवरच्या निम्म्या गाठी, म्हणजे नत्र देणाऱ्या जिवाणूंची घरं, मातीतच राहतात. मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच हलवून धुवा आणि चार-सहा गाठी नखाने फोडून बघा. आतून लालसर-गुलाबी निघाल्या तर झाडाला हवेतला नत्र (नायट्रोजन) मिळतो आहे. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर गाठ आहे, पण तिच्यात काम चालू नाही. गाठी मोजून खूश होणारे बरेच भेटतात, फोडून रंग बघणारे कमी.

बियाण्याला गाठी करणारे रायझोबियम जिवाणू लावा, शेणखतात पीएसबी (स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणारे जिवाणू) मिसळा, मर रोग दिसायच्या आधी बुरशी अडवणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूची आळवणी करा, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओता, हे सल्ले आता प्रत्येक शेतकरी मेळाव्यात मिळतात. कुणी सांगतं, जिवाणूंचं पाकीट वापरलं आणि पीक डोळ्यांत भरेल असं आलं. शेजारचा सांगतो, काडीचाही फरक पडला नाही. दोघंही खरं बोलत असतात. फरक कशाने पडतो ते समजायचं तर पाकीट बाजूला ठेवून आधी मुळाकडे बघावं लागतं, कारण कोणत्या जिवाणूला जवळ ठेवायचं हे बऱ्याच अंशी मूळच ठरवतं.

मूळ मातीत साखर का सोडतं?

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, पण त्यातले बहुतेक उपाशी आणि सुस्त पडलेले असतात. त्यांना लागणारा कर्ब (कार्बन) मातीत जागोजागी मिळत नाही. तो मिळतो मुळाच्या भोवती, जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्ट्यात. १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने या पट्ट्याला रायझोस्फिअर म्हटलं. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा साधारण ५ ते २० टक्के भाग झाड मुळांवाटे मातीत सोडतं. त्यात शर्करा असतात, अमिनो आम्लं असतात, सेंद्रिय आम्लं असतात.

कष्टाने कमावलेलं अन्न झाड उगाच सांडत नाही. ती मजुरी आहे. तिच्या मोबदल्यात मुळाशी जमलेले जिवाणू नत्र आणून देतात, अडकलेला स्फुरद मोकळा करतात, मुळं फुटण्यासाठी संप्रेरकं सोडतात, रोगकारक बुरशीला जागा मिळू देत नाहीत. सगळेच जिवाणू हे करतात असं नाही. पुष्कळसे फुकट खाऊन जातात आणि काही तर रोगच आणतात. झाडापाशी वाईटाला हुसकण्याचे थोडेफार उपाय आहेत, पण ते अचूक नाहीत.

हा व्यवहार सर्वांत चोख दिसतो तो सोयाबीन-हरभऱ्यासारख्या शेंगा धरणाऱ्या द्विदल पिकांत.

गाठीच्या आत काय चालतं

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो वापरता येत नाही. युरियाच्या कारखान्यात तोच बंध तोडायला ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम गटातले जिवाणू तेच काम शेतातल्या तापमानात करतात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. हेर्मान हेल्रीगेल आणि हेर्मान विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये जर्मनीत दाखवून दिलं की द्विदल झाडांना हा नत्र गाठींमुळे मिळतो. १८८८ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्टिनस बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्या दशकानंतर लगेचच जर्मनीत बाटलीबंद जिवाणू विकायलाही आले. म्हणजे ज्याला आपण नवं तंत्रज्ञान म्हणतो त्याचा बाजार सव्वाशे वर्षांचा आहे.

गाठ बनते ती दोघांच्या संमतीने. सोयाबीनचं मूळ मातीत ठरावीक फ्लॅव्होनॉइड द्रव्यं सोडतं. ती ओळखू येणारा जिवाणू उत्तरादाखल स्वतःचं एक रसायन सोडतो. ते मुळाला पटलं तर केशमूळ वाकतं, जिवाणूला आत घेतं आणि आतल्या पेशी वाढून त्याच्यासाठी गाठ तयार होते. ही देवाणघेवाण पिकानुसार बदलते, म्हणून एका पिकाचं कल्चर, म्हणजे वाढवून पाकिटात भरलेले जिवाणू, दुसऱ्याला चालेलच असं नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम गटातला आहे. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचं मात्र एकमेकांच्या जिवाणूंवर बऱ्यापैकी भागतं, म्हणून त्यांच्यासाठी एकच कल्चर मिळतं. दुकानदार 'कडधान्याचं आहे, कशालाही लावा' म्हणाला तर हरभरा आणि सोयाबीनच्या बाबतीत त्याचं ऐकू नये. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते याचसाठी.

आता तो गुलाबी रंग. नायट्रोजिनेज प्राणवायूचा जरा जास्त संपर्क आला की निकामी होतो, आणि जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू तर लागतोच. ही अडचण झाडाने सोडवली आहे. गाठीत ते लेगहिमोग्लोबिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा नातलग, त्यातही लोह असतं. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि मोजून देतो. लाल रंग त्याचाच. गाठ म्हातारी झाली की हे द्रव्य मोडतं आणि आतला भाग हिरवट होतो. शेंगा भरायला लागल्यावर हिरवट गाठी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, तेव्हा ते साहजिक आहे. फुलोऱ्यात दिसल्या तर मात्र विचार करावा.

एक ग्रॅम नत्र मिळवायला झाड सुमारे ६ ग्रॅम कर्ब खर्च करतं. हा खर्च थोडा नाही. म्हणून मातीत आयता नत्र सापडला की झाड गाठींवरचा खर्च आवरतं घेतं. पेरताना सुरुवातीच्या वाढीपुरता थोडा नत्र ठीक, पण सोयाबीन पिवळं दिसतंय म्हणून मुठीने युरिया फेकला की रायझोबियमच्या पैशांवर आपणच पाणी सोडतो. पिवळेपणा बहुतेकदा लोहाच्या कमतरतेचा किंवा साचलेल्या पाण्याचा असतो, आणि त्यावर युरिया हा उपाय नव्हे.

झाड हिशेब किती काटेकोर ठेवतं हे २००३ साली टोबी कियर्स, फोर्ड डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवरच दाखवलं. त्यांनी काही गाठींभोवतालच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आर्गॉन वायू भरला. त्यामुळे आतल्या जिवाणूंना इच्छा असली तरी नत्र देता येईना. झाडाने अशा गाठींचा प्राणवायू कमी केला आणि आतल्या जिवाणूंची वाढ घटली. जो काम करत नाही त्याचा तोबरा बंद. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण जिवाणू आणि झाड यांच्या 'मैत्री'बद्दल जे गोड गोड बोललं जातं ते यातून जमिनीवर येतं.

सोयाबीनच्या भरवशावर पुढच्या पिकाचं खत कमी करणाऱ्यांसाठी एक आकडा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. १० क्विंटल दाणा शेताबाहेर गेला की त्याबरोबर ६० किलोंच्या आसपास नत्र जातो. गाठींनी आणलेला नत्र बहुधा तेवढाही नसतो, उरलेला जमिनीतूनच घेतलेला असतो. सोयाबीनचा बेवड, म्हणजे ते पीक निघाल्यावर पुढच्या पिकासाठी उरलेली जमीन, चांगला हा अनुभव खोटा नाही, गळालेली पानं आणि मुळं जमिनीला काही ना काही देतात. पण गुळी (मळणीनंतरचा भुसा) जाळली किंवा सगळी विकून टाकली, तर बेवड चांगला राहायला उरतंच काय?

आपल्याकडे कल्चरचा सर्वांत ठळक फायदा दिसतो तो पूर्वी कधीच सोयाबीन न घेतलेल्या जमिनीत. सोयाबीनचा जिवाणू इथल्या मातीत मुळचा नव्हता, त्यामुळे तिथे बीजप्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या ओळींतला फरक रस्त्यावरून दिसतो. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या रानांत तो जिवाणू आता मातीत रुळला आहे. जुना रहिवासी नत्र आणण्यात नव्यापेक्षा कमी पडत असला तरी मुळात शिरण्यात तो पुढे असतो आणि नव्याला जागा मिळू देत नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या सोयाबीन पट्ट्यात हा त्रास संशोधकांना कित्येक दशकं पुरला. ब्राझीलने मात्र वेगळा मार्ग धरला. योहाना डोबेरायनर यांच्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी सोयाबीनला रासायनिक नत्र नको, जिवाणूच हवेत असा आग्रह लावून धरला. तिथे जिवाणूंचे निवडक वाण दर हंगामात बियाण्याला लावतात आणि देशभरच्या सोयाबीनला नत्र खत जवळपास देतच नाहीत. त्यातून वाचणारा खर्च अब्जावधी डॉलरचा आहे. जिवाणू खतांचं जगातलं सर्वांत मोठं यश मी यालाच म्हणेन.

नत्राची इतर मंडळी, आणि स्फुरद

ॲझोटोबॅक्टरबद्दल मी थोडा साशंक आहे. तो गाठी करत नाही, मातीत मोकळा राहून नत्र स्थिर करतो. पण त्यासाठी त्याला भरपूर कर्ब हवा, आणि आपल्या कोरडवाहू रानांत नेमका त्याचाच तुटवडा. ज्वारी-कापसाला तो लावून जो फायदा दिसतो त्यातला बराचसा नत्रापेक्षा मुळांच्या वाढीतून येतो, कारण हे जिवाणू ऑक्सिनसारखी संप्रेरकं सोडतात. ॲझोस्पिरिलम या जिवाणूचंही तेच. केशमुळं वाढली की पाणी आणि खत दोन्ही जास्त उचललं जातं. फायदा खराच, पण 'एकरी इतका युरिया वाचेल' असं ठोकून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवताना जपून. सोव्हिएत रशियात विसाव्या शतकाच्या मध्यात लक्षावधी हेक्टरवर ॲझोटोबॅक्टर वापरला गेला, आणि काटेकोर तपासणीत फायदा थोडा आणि बेभरवशाचा निघाला. उसाच्या आतच राहणारा ॲसिटोबॅक्टर हा याहून आशादायक जिवाणू. तो १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसात सापडला, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट त्याचं कल्चर आपल्याकडच्या ऊसकऱ्यांना पुरवते.

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, यांचं काम वेगळ्या जातीचं आहे. रायझोबियम बाहेरून, हवेतून नवा नत्र आणतो. पीएसबी नवा स्फुरद आणत नाही, जमिनीत अडकलेला सोडवतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (pH) ८ च्या आसपास असतो आणि घातलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. हे जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं सोडून तो बंध सैल करतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत हे छान दिसतं, जिवाणूभोवती पांढऱ्या माध्यमात स्वच्छ पारदर्शक वलय उमटतं. शेतात अडचण अशी की जो चुना स्फुरद अडकवतो तोच जिवाणूचं आम्लही शोषून घेतो. ताटलीत गाजलेले पुष्कळ जिवाणू चुनखडीत निष्प्रभ ठरतात ते यामुळे. शेणखत किंवा कंपोस्टबरोबर दिले तर परिणाम बरा मिळतो, कारण तिथे त्यांना खायला असतं.

बुरशीशी सामना

रोगनियंत्रणाची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. इथे जिवाणू मुळाचं पोट भरत नाही, राखण करतो, आणि राखणीचे त्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत.

पहिला मार्ग जागा आणि अन्न अडवण्याचा. मुळावर बुरशीला शिरायला ज्या मोक्याच्या जागा असतात तिथे आधीच कुणी बसलेलं असेल तर बुरशीची पंचाईत होते. यात लोहाची लढाई विशेष. काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं पण विरघळलेलं जवळजवळ नसतं. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू लोह पकडणारं पिवळसर-हिरवं द्रव्य सोडतो. अतिनील प्रकाशात ते चमकतं, फ्लुरोसन्स हे त्याचं नाव त्यावरूनच. हे द्रव्य आजूबाजूचं लोह घट्ट धरतं, जिवाणू ते परत आत ओढतो आणि बुरशीला लोह मिळेनासं होतं. १९८० साली अमेरिकेत जोसेफ क्लोपर आणि सहकाऱ्यांनी झाडाची वाढ सुधारण्याशी या द्रव्याचा संबंध जोडून दाखवला. मातीत सहज मिळणारं लोह वाढवलं की असं संरक्षण ओसरतं हेही नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

दुसरा मार्ग सरळ विषाचा. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू इट्युरिन, फेंजायसिन अशी द्रव्यं सोडतो आणि ती बुरशीच्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. स्युडोमोनासच्या काही वाणांकडे डीएपीजी नावाचं प्रतिजैविक आहे, आणि त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या मुळांना 'टेक-ऑल' नावाचा बुरशीजन्य रोग होतो. गव्हावर गहू घेत गेलं की पहिली काही वर्षं रोग वाढत जातो, आणि मग, कुणी काहीही न करता, तो आपोआप ओसरतो. जेम्स कुक, डेव्हिड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पिच्छा पुरवला. अशी 'सुधारलेली' माती तापवली की तिचा गुण जातो. तीच माती थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली की गुण तिकडे जातो. म्हणजे कारण जिवंत होतं. ते निघालं डीएपीजी बनवणारे स्युडोमोनास. रोगट मुळांवर ते हळूहळू वाढत गेले होते. एका ग्रॅम मुळावर त्यांची संख्या साधारण १ लाखाच्या वर गेली तरच रोग दबतो, त्याखाली नाही. हा उंबरठा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाकीट वापरलं एवढ्याने भागत नाही, मुळावर पुरेसे जिवाणू टिकावे लागतात.

पण यावरून हरभऱ्यावर हरभरा घेत राहिलं की मर आपोआप जाईल असं समजू नका. हरभऱ्याच्या मर रोगाची फ्युझारियम बुरशी पीक नसतानाही मातीत ६ वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, आणि तेच पीक पुन्हा पुन्हा घेतलं की ती वाढतच जाते. तुरीच्या मर रोगाची बुरशी तिचीच भाऊबंद. एडविन बटलर यांनी ब्रिटिश काळात भारतात काम करताना १९१० मध्ये तिला फ्युझारियम उडम हे नाव दिलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतल्यावर मर कमी झालेली आढळली. आपल्याकडची जुनी तूर-ज्वारीची सोबत त्या दृष्टीने शहाणपणाची होती. तेव्हा मर रोगावर पहिला उपाय रोगप्रतिकारक वाण, दुसरा फेरपालट, आणि जिवाणू त्यांच्या जोडीला. एकट्या जिवाणूंवर भिस्त ठेवून मर लागलेल्या रानात पुन्हा हरभरा पेरणं हा जुगार आहे.

तिसरा मार्ग सर्वांत चकित करणारा. १९९१ च्या सुमारास नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या गटांनी जिवाणू आणि रोगजंतू एकमेकांना भेटणारच नाहीत अशा तऱ्हेने झाडावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले. तरीही मुळाशी जिवाणू असलेल्या झाडांना रोग कमी झाला. जिवाणूने बुरशीला हातही लावला नव्हता. त्याच्या सहवासाने झाड आधीच सावध झालं होतं आणि हल्ला आल्यावर त्याने प्रतिकार लवकर सुरू केला. आधीपासून विनाकारण लढत राहिलं असतं तर वाढ खुंटली असती. तसं न होता ते फक्त तयारीत राहतं, म्हणून उत्पादनाला फारशी झळ बसत नाही.

तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. जिवाणू रोगाच्या आधी मुळावर पोचलेले हवेत. मर लागलेल्या झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुरशीने बंद केलेल्या असतात. माना टाकलेल्या झाडाला स्युडोमोनासची आळवणी करून ते उठत नाही. शेजारचं निरोगी झाड कदाचित वाचेल.

जाता जाता एक खुलासा. ट्रायकोडर्मा याच रांगेत विकला जातो, पण तो जिवाणू नाही, बुरशी आहे. रोगाच्या बुरशीला वेटोळं घालून खाणारी. उपयोगी नक्कीच, मात्र कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर त्याला बसवणं म्हणजे पैसे मातीत घालणं. स्युडोमोनास-बॅसिलसचा मोठा शत्रू वेगळा आहे, ताम्रयुक्त औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं. द्राक्षबागेत आज बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि उद्या जिवाणूची आळवणी, असा क्रम असेल तर मध्ये अंतर ठेवा.

पाकीट का फसतं

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूप कल्चरमध्ये दर मिलिलिटरला किमान १० कोटी. आता हिशेब करू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी ही नेहमीची शिफारस, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. त्यात १२५ कोटी जिवाणू झाले. एक किलो सोयाबीनमध्ये ८ हजारांच्या आसपास दाणे असतात. दाण्याला सुमारे दीड लाख जिवाणू आले. सोयाबीनला दाण्यामागे १ लाख हवेत असं धरलं जातं. म्हणजे मोजमाप जेमतेम पुरतं, आणि तेही सगळे जिवंत असले, सगळे दाण्याला चिकटले आणि एकही घमेल्याला लागून वाया गेला नाही तर.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात ४० अंशांच्या वर तापमानात महिनाभर पडलेल्या पाकिटात ते जिवंत किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. रायझोबियम आणि स्युडोमोनास बीजाणू (जाड कवचातली सुप्त अवस्था) करत नाहीत, त्यामुळे उष्णता आणि कोरडेपणा त्यांना मारतो. बॅसिलस बीजाणू करून तग धरतो. बाजारात बॅसिलसची इतकी चलती आहे त्यामागे त्याचा गुण आहेच, पण त्याचं टिकणंही तेवढंच कारण आहे. जिवाणू खत कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून ताजं आणावं, अंतिम तारीख बघावी, आणि घरी आणल्यावर माठाजवळच्या थंड सावलीत ठेवावं. कीटकनाशकांच्या कपाटात तर मुळीच नको.

बीजप्रक्रियेत क्रम चुकू देऊ नये. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सर्वांत शेवटी. उलट केलं तर जिवाणूंवर औषधाचा थेट मारा होतो. चिकटण्यासाठी गुळाचं पाणी, १ लिटर गरम पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून पूर्ण थंड केलेलं. पूर्ण थंड, यावर जोर. सोयाबीन आणि भुईमुगाची साल नाजूक असते, त्यामुळे पाणी बेताचंच आणि हात हलका. जोरात चोळलं की साल निघते आणि उगवण घटते. मग दोष कल्चरला दिला जातो. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं. आळवणी करायची तर संध्याकाळी, वाफशावर, कोरड्या ठणठणीत मातीत कधीही नाही.

एवढं सगळं करूनही बाहेरून टाकलेल्या जिवाणूंची संख्या काही आठवड्यांत घसरते. मातीतले जुने रहिवासी त्यांना खातात, मागे रेटतात, उपाशी ठेवतात. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेल्या रानात हे फार लवकर होतं. म्हणून मी आधी पाचट न जाळण्याचा, काडीकचरा कुजवण्याचा आणि शेणखताचा खर्च धरतो, पाकिटाचा नंतर. जिवामृताबद्दल हमखास विचारलं जातं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांत सूक्ष्मजीव भराभर वाढतात यात शंका नाही. पण कोणते वाढतील ते दर पिंपात आणि दर दिवशी बदलतं. मातीला खाद्य म्हणून ते चालेल, हरभऱ्याच्या रायझोबियमचं काम त्याच्याकडून होण्याची अपेक्षा नको.

बाटली घेताना ती कोणत्या कायद्याखाली विकली जाते ते लेबलवर शोधा. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी ही खतं आहेत आणि २००६ पासून खत नियंत्रण आदेशात येतात. रोगावर म्हणून विकला जाणारा स्युडोमोनास किंवा बॅसिलस कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदलेला हवा आणि त्यावर नोंदणी क्रमांक हवा. जिवाणूचं नाव नाही, संख्या नाही, तारीख नाही, आणि 'सर्व पिकांसाठी, सर्व रोगांवर' असं लिहिलंय, अशी बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आणि या हंगामात कल्चर लावणार असाल तर शेताच्या मधोमध चार-पाच ओळी बिनकल्चरच्या ठेवा. त्या ओळींचं बियाणं आधी पेरा, कल्चर लावलेलं नंतर, नाहीतर पेरणी यंत्राच्या पेटीतूनच जिवाणू इकडचे तिकडे जातात. फुलोऱ्यात दोन्हीकडची पाच-पाच झाडं उचलून गाठी फोडा, काढणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजा. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच लाल निघाल्या आणि वजनही सारखंच भरलं, तर त्या रानात सोयाबीनचा जिवाणू आधीच पुरेसा आहे. तिथला पाकिटाचा पैसा पुढच्या वर्षी शेणखतावर घाला.